अंबाडीचं गाऱ्हाणं

१

खारवाडीतलं एक शेत रविवारी सकाळी चोरीला गेलेलं आढळलं.

शेत म्हणजे जमीन नव्हे. जमीन चोरायची तर आधी तलाठ्याशी ओळख काढावी लागते आणि ते काम सावकाश होतं. गेलं ते उभं पीक. बकुळा शिवलकरची अर्धा एकर अंबाडी, दोन पुरुष उंच, आदल्या संध्याकाळपर्यंत वाऱ्यावर डुलत होती. आता तिथून थेट खाडी दिसत होती. जमलेल्या मंडळींपैकी निम्मे लोक चोरी बघायला आले आणि खाडी बघत उभे राहिले.

सगळ्यांत मोठा धक्का बसला तो निहारला. हा पुण्याच्या एका कारखान्यातला तरुण इंजिनीयर. मोटारीच्या दाराच्या आतल्या बाजूला जे कडक अस्तर असतं, ते हा कारखाना प्लॅस्टिकऐवजी झाडाच्या धाग्यांतून करू पाहत होता. परदेशात हे काम भांगेच्या एका सोज्वळ जातीकडून करून घेतात. नशा नाही, फवारणी नाही, खत जेमतेम, धागा चिवट, आणि गाडी मोडीत निघाली की दार मातीत जिरतं. आपल्याकडं मात्र भांगेचं नाव काढलं की गिऱ्हाइकाआधी पोलीस येतात. म्हणून निहारच्या साहेबांनी भांगेची आतेबहीण शोधली, ती ही अंबाडी.

तरीही पोलीस आलेच होते. धाग्याच्या अंबाडीचं पान थेट भांगेसारखं दिसतं, आणि जुलैमध्ये कोणीतरी नाव न सांगता ठाण्यात फोन केला होता. फौजदारांनी जीपभर पाला जप्त केला. त्यातला थोडा मुद्देमाल हवालदाराच्या बायकोनं लसूण घालून शिजवला, आणि गुन्हा तिथंच संपला.

आता तेच फौजदार रिकाम्या शेतात उभे होते.

"चोरीच आहे साहेब," निहार म्हणाला. "लिहून घ्या. पुढच्या आठवड्यात आमचे मोठे साहेब बघायला येणार होते."

चोर मोठा व्यवस्थित दिसत होता. ताटं अगदी जमिनीलगत कापलेली. पाला झोडून शेतातच पसरलेला. आणि एका कोपऱ्यात घोंगडीएवढ्या जागेत अंबाडी तशीच उभी.

"तेवढी घाईत राहिली असणार," हवालदार म्हणाले.

बकुळा बांधावर बसली होती. चाळिशीची, उन्हानं रापलेली, बोलायला कंजूष. फौजदारांनी विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "काल उभी होती. आज नाय."

इतक्यात गर्दी दुभंगली आणि रावजीशेट मयेकर पुढं आले. पूर्वी जेट्टीवर यांचं दोर आणि जाळ्यांचं दुकान होतं. आता बकुळाच्या शेतापलीकडं कोळंबीचं तळं होतं, आणि दुसरं तळं करायला त्यांना हीच जमीन हवी होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतां? मी काय पाला खातो?" रावजीशेट म्हणाले. "पोलिसांच्यानं होनार नाय हे काम. बकुळे, देवाला गाऱ्हाणं घाल. ज्यानं केलंन त्याला देव बघून घेईल."

बकुळानं त्या सकाळी पहिल्यांदाच मान वर केली.

"घालते," ती म्हणाली. "तुमी येनार ना शेट?"

"येनार म्हंजे? पुढं उभा ऱ्हाईन."

"पुढंच ऱ्हावा," बकुळा म्हणाली आणि चक्क हसली.

२

गाऱ्हाण्याच्या दिवशी देवळाच्या आवाराच्या दगडी गडग्याला टेकून हाशिमचाचा साखरकर उभे होते. चाचा म्हणजे रत्नागिरीच्या तारऑफिसातले निवृत्त तारमास्तर. अर्ध्या गावाचे जन्म, मृत्यू आणि पळून जाऊन केलेली लग्नं त्यांना घरच्यांच्या आधी कळलेली होती, आणि त्यातलं एकही त्यांच्या तोंडून बाहेर पडलेलं नव्हतं. तारेत शब्दाला पैसे पडत. जन्मभर तारा घेऊन चाचांच्या कानाला एक खोड लागली होती. माणूस काय बोलतो यापेक्षा तो कोणता शब्द वाचवतो आणि कोणत्या शब्दाला पैसे मोजतो, ते त्यांना आधी ऐकू येई.

भिकाजी गुरवानं हात जोडून आवाज लावला. "बा देवा म्हाराजा, आज तुजी लेक बकुळा तुज्या पायापाशी आलेली हाय म्हाराजा..."

"होय म्हाराजा," गाव म्हणाला.

"ज्या कोना चोरानं हिची अंबाडी कापलीन—"

"थांबा भिकाजीदादा," बकुळा म्हणाली.

गाऱ्हाण्याच्या मध्ये कोणी बोलत नाही. भिकाजीचा जबडा तसाच उघडा राहिला.

"अंबाडी नको. देवाला काय भाजीपाल्याचं सांगायचं? असं बोला, ज्यानं दगा देऊन हिचं उभं होतं ता आडवं केलंन."

भिकाजीला त्यात वावगं दिसलं नाही. उभं पीक आडवं झालं होतं, हे खरंच होतं. त्यानं घसा खाकरला.

"ज्या कोनी दगा देऊन हिचं उभं होतं ता आडवं केलंन म्हाराजा, त्याचं जितं असंल ता मेलं होवंदे म्हाराजा."

"होय म्हाराजा," गाव म्हणाला. त्यात एक आवाज सगळ्यांच्या वर चढला. रावजीशेट पहिल्या रांगेत, हात जोडून, डोळे मिटून इतक्या जोरानं म्हणाले की देवळामागच्या फणसावरचे कावळे उडाले. संशयितानं मोठ्यानं ओरडावं, म्हणजे गावाचं समाधान होतं, असा त्यांचा हिशेब असावा.

चाचा घरी आले तेव्हा नसीमाचाची तांदूळ निवडत होत्या.

"काय झालां देवळात?"

"एक शब्द काढलान, एक घातलान," चाचा म्हणाले.

"कोणी?"

"जिचं गेलं तिनं."

चाचींनी एक खडा बाजूला टाकला. "मग तुमची आज झोप गेली," त्या म्हणाल्या.

३

पुढच्या आठवड्यात, निहारच्या मोठ्या साहेबांचं येणं रद्द झालं त्याच दिवशी, उजाडता उजाडता रावजीशेटांची कोळंबी मेली.

थोडीथोडकी नव्हे. तळंभर. विक्रीला तयार झालेली, बोटभर लांब, मुंबईच्या व्यापाऱ्याला सांगून ठेवलेली कोळंबी पाण्यावर आडवी होऊन तरंगत होती. रावजीशेटांनी दुकान विकून हे तळं केलं होतं. तळ्याखेरीज त्यांच्याकडं आता फक्त एक पांढरा सदरा उरला होता.

ते पोलिसांकडं गेले नाहीत. ते मांडवीला हाशिमचाचांच्या ओटीवर येऊन बसले.

"बकुळेनं विष घातलान," ते म्हणाले. "तिला वाटतं तिची अंबाडी मी कापली. चाचा, तुमी फक्त शोधून सांगा. पुढचं मी बघतो."

"फौजदार बरे आहेत की. भाजी ओळखतात."

"पोलिस नको." रावजीशेटांनी इकडंतिकडं बघितलं. "पोलिस आलं की हज्जार गोष्टी विचारतात. तळ्याला परवानगी हाय काय, पानी कुठनं घेतां..."

"कुठून घेता?"

"खाडीचं पानी. खाडी काय कोनाच्या बापाची हाय?"

चाचा तळ्यावर गेले. पंपाचा पाइप बांध ओलांडून बकुळाच्या शेताकडं गेलेला होता. मेलेल्या कोळंबीचा काठावर ढीग पडला होता आणि त्यावर कावळे जेवत होते. चाचा बराच वेळ कावळ्यांकडंच बघत राहिले.

"कावळे कधीपासून खातायत?"

"सकाळपासून. का वो?"

"तब्येत उत्तम आहे त्यांची," चाचा म्हणाले.

रावजीशेटांना हे विनाकारण लागलं. मग त्यांनी काल काय काय केलं ते सांगितलं. कोळंबी आदल्या दिवशीच सुस्तावली होती, वर येऊन तोंड उघडत होती. म्हणून त्यांनी दिवसभर पंप चालवून तळ्यात ताजं पाणी चढवलं. जितकी सुस्तावली, तितकं आणखी चढवलं.

"आणि तरी मेली?"

"तरी मेली."

"तरी," चाचा म्हणाले. हा शब्द त्यांना महाग वाटला.

४

चाचांनी तिघांना गाठलं. पहिला झुबेर. आखातात वर्षं काढून आलेला, आता जेट्टीवर नायलॉनच्या दोरांचं दुकान चालवणारा. गाव म्हणत होतं, अंबाडी वाढली असती तर याचा धंदा बसला असता.

"चाचा, मी काय मोटारीच्या दारात नायलॉन विकतंय?" झुबेर म्हणाला. "ती दारं करनार, मी दोर विकनार. ती कापून मी काय करू? वाळवून घरात ठेवू? घरात जागा असती तर मी लगीन केला नसता काय?"

"खारवाडीकडं गेला होतास?"

"पुलावरून गेलो. वास काय येतो हो तिथं. खाडीचं पानी आत येतं त्या बकुळाच्या चरात बायकांनी झावळं भिजत घातल्यात, झाप विनायला. पन झावळांना असा वास कधी यायचा नाय."

"बाकी कोणाला नाही आला?"

"वाडीभर सुकट घातलीय. तिथं नाक कोन उघडतां?"

दुसरा निहार. मांडवीच्या लॉजवर सर्दीनं लाल झालेलं नाक घेऊन बॅग भरत होता. अंबाडी गेली म्हणून कंपनीनं हा भागच सोडायचं ठरवलं होतं.

"मला एकच कळत नाही, चाचा. चोराला त्या काठ्यांचा उपयोग काय? धागा असतो सालीत. काठ्या दिवसेंदिवस पाण्यात कुजवल्याशिवाय तो सुटत नाही. बुडवायच्या, वर दगड ठेवायचे, रोज बघायचं. एवढे कष्ट करणारा माणूस चोरी कशाला करेल?"

"बरोबर," चाचा म्हणाले. "मीही तेच म्हणतो."

"बकुळाताईंचं वाईट वाटतं. तुमच्याकडं कोणी काम द्यायला येत नाही, आणि आलेलं असं जातं."

तिसरी बकुळा. तिनं कोरा चहा दिला. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा, मोरूचा फोटो होता. पाच वर्षांपूर्वी दापोलीकडच्या मुरुडसमोर वादळात नांगर टाकून थांबलेली त्याची होडी दोर तुटून खडकावर गेली. मोरू आणि वाडीतले आणखी दोघे परत आले नाहीत. फोटोला हार नव्हता. त्या जागी वीतभर लांबीचा डांबर लावलेला दोर टांगलेला होता.

"हा काय?"

"हार," बकुळा म्हणाली.

चाचांनी त्याचं टोक बोटांत धरून बघितलं. बाहेरून काळा, चिवट, नव्यासारखा. आतून बोटाला पीठ लागलं.

"बकुळा, तुझी अंबाडी कोणी चोरली असेल?"

"मला काय म्हाईत, कोन काय म्हनतां ता."

"मी तू काय म्हणतेस ते विचारतोय, बाय."

"चहा निवतोय," बकुळा म्हणाली.

संध्याकाळी नसीमाचाची बाजारातून आल्या त्या बांगडे पिशवीतून न काढताच बोलायला लागल्या. "खारवाडीच्या मासळीवाल्या सोनूबाईच्या हाताला काय झालांय वो? बोटांना बारीक बारीक काटे मोडलेत. मी विचारला, बाय, बांगड्याला वरून काटे कधीपासून आले? तर हात पदरात घेतलान. शेजारच्या बायांचे पन तसेच. सगळ्यांचे. खारवाडीच्या सगळ्यांचे."

चाचांनी त्यांच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली.

"अंबाडीच्या ताटाला काटे असतात ना?" त्यांनी विचारलं.

चाचींनी त्यांच्याकडं बघितलं, आणि मग बांगड्यांकडं.

"मी काय नाय बोलले," त्या म्हणाल्या.

५

रावजीशेटांच्या तळ्यावरच्या शेडमध्ये चार खुर्च्या होत्या. रावजीशेट, झुबेर, निहार आणि चाचा बसले. बकुळा दाराशी उभी राहिली, आणि तिच्यामागं बाहेर, बोलावलेलं नसताना, सोनूबाई आणि वाडीच्या बायका.

"आधी शेत," चाचा म्हणाले. "चोर घाईत असतो. घाईत असलेला माणूस कमरेत वाकत नाही, हाताला येईल तिथं कापतो. ही ताटं जमिनीलगत कापली, कारण लांब धागा बुडख्यापर्यंत असतो. पाला झोडून शेतातच ठेवला, पुढच्या पिकाला खत म्हणून. आणि एक कोपरा तसाच ठेवला. हवालदार म्हणाले घाईत राहिला. निहार, कोपरा उभा कशाला ठेवतात?"

निहारनं रुमाल नाकावरून खाली घेतला. "बियाण्याला," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी पेरायला बी ठेवून जाणारा चोर मी पाहिलेला नाही. तेव्हा चोरी झाली असं कोण म्हणालं? तुम्ही म्हणालात, निहार. फौजदारांनी लिहिलं. गुरव म्हणायला गेला, तर त्याला थांबवलं. बकुळा काय म्हणाली? 'काल उभी होती, आज नाय.' यात खोटा शब्द एकही नाही. पोलिसांना खोटं सांगितलं नाही, देवाला तर नाहीच. चोराचं वाईट होवो असं देवाला सांगायचं तिनं टाळलं, कारण कापणारा हात तिचाच होता. आणि तिच्याबरोबरच्या बायांचे."

बाहेर कोणीतरी बांगड्या मागं सारल्या.

"म्हंजे हिनंच आपली अंबाडी..." झुबेर म्हणाला. "कशाला?"

"तूच मला सांगितलंस. झावळांना असा वास येत नाही. वर झावळं होती. खाली दगड ठेवून दाबलेली अंबाडी. उघड भिजत घातली असती, तर शेटांनी पंप बंद ठेवला असता. कुजताना ती पाण्यातला जीव काढून घेते. मासा वर येऊन तोंड उघडतो आणि मरतो. विष नाही, म्हणून कावळे धडधाकट. आणि शेट, ते पाणी तळ्यात कोणी घातलं? तुमच्या पंपानं. कोळंबी घाबरी झाली तसं तुम्ही आणखी चढवलंत."

रावजीशेट उठून उभे राहिले. त्यांचा आवाज मात्र बसला होता. "बघा. कबूल झालं. आता मी फौजदाराकडं जातो."

"जा की. काय लिहाल? हिनं स्वतःचं पीक कापलं, स्वतःच्या जमिनीतल्या चरात भिजत घातलं. फौजदार विचारतील, तुमची कोळंबी तिच्या चरात काय करत होती? मग सांगावं लागेल, की खाडीपर्यंत पाइप न्यायचा खर्च वाचवायला तुम्ही तो तिच्या चरात सोडलात. न विचारता."

तळ्यावर एक कावळा जेवण झाल्यासारखा ओरडला.

"पन मी हिचं काय केलंवतं?" रावजीशेट म्हणाले. "अंबाडी मी कापली नाय, हे हिला तर म्हाईत होतं."

"तो दुसरा शब्द," चाचा म्हणाले. "एक तिनं काढला, एक घातला. दगा. शेत कापणं हा दगा नाही, ती चोरी झाली. दगा ज्याच्यावर भरवसा असतो तो देतो. जेट्टीवर दोर घेताना मोरूनं तो उलगडून बघितला नव्हता. कारण दुकान तुमचं होतं."

आता बकुळा बोलली. आवाज चढवला नाही.

"जुना दोर वरून नवा गुंडाळून, डांबर लावून दिलात. आत पीठ होतं. त्या पिठाला तीन मानसं धरून होती. तुमी मला कुजका दोर दिलात, मी तुमाला कुजकं पानी दिलं. आनी ता पन तुमी आपल्या हातानं घेतलात."

"पुरावा काय?" रावजीशेट म्हणाले.

"नाय," बकुळा म्हणाली. "म्हनून तर देवाकडं गेले. तुमीच बोललात ना, गाऱ्हाणं घाल."

रावजीशेटांचा हात खुर्ची शोधत मागं गेला. तळ्याचं नुकसान त्यांना आधीच कळलं होतं. गाऱ्हाण्याचं आत्ता कळलं. दगा देऊन उभं होतं ते आडवं केलं, त्याचं जितं ते मेलं होवो. पहिल्या रांगेत. डोळे मिटून. कावळे उडेपर्यंत.

"तुमचाच आवाज सगळ्यांत स्वच्छ आला," चाचा म्हणाले. "मी गडग्यापर्यंत ऐकला."

६

निहारनं भरलेली बॅग पुन्हा रिकामी केली. चरातून काढलेली अंबाडी बायकांनी धुतली, आपटली आणि वाळत घातली, तेव्हा गडग्यावर पांढऱ्या केसांची म्हातारी मंडळी ओळीनं बसल्यासारखी दिसत होती. धागा उत्तम निघाला. मोठे साहेब आले, त्यांनी धागा ओढून बघितला, बोट कापून घेतलं आणि समाधानानं पुण्याला गेले. कशासाठी एवढ्या लवकर भिजत घातली, असं त्यांनी विचारलं. निहारनं हवामानाचं कारण सांगितलं. पुण्याच्या माणसाला कोकणातलं हवामान हे कोणत्याही गोष्टीचं कारण चालतं.

रावजीशेट भिकाजी गुरवाकडं गेले. गाऱ्हाणं उठवायला काय लागेल, नारळ, कोंबडं, जे असेल ते सांग, म्हणाले. घरात मुलगा आजारी पडला होता. साधा तापच होता, पण जितं ते मेलं, हे शब्द कानातून जात नव्हते.

"माझ्या हातात नाय ता," भिकाजी म्हणाला. "ज्यानं घातलं त्यानंच उठवायचं."

म्हणून ते बकुळाच्या दारात आले. ती अंगणात नव्या धाग्याचा दोर वळत होती. एक टोक खुंट्याला बांधलं होतं. सोनूबाई पिळा देत होती.

रावजीशेटांनी चपला काढल्या. दोराची गोष्ट सगळी सांगितली. जुना दोर कुठून आणला, वरचा थर कोणी वळला, डांबर कोणी लावलं. सोनूबाईचा नवरा त्याच होडीत होता. तिनं पिळा थांबवला नाही.

"पोराला ताप हाय," शेवटी ते म्हणाले. "गाऱ्हाणं उठव, बकुळे. तू सांगशील तसं करतो."

"पोराचं नाव मी घेतलं नव्हतं," बकुळा म्हणाली. "डाक्टरकडं न्या. ताप उतरंल." तिनं दोर ओढून बघितला. तो कुरकुरला, तुटला नाही.

"आनी गाऱ्हाणं?"

"उठवते की. तुमी मोरूला उठवा. मी गाऱ्हाणं उठवते."

मुलाचा ताप डॉक्टरच्या गोळ्यांनी उतरला. तळं मात्र कोरडं पडलं. रावजीशेटांना त्यात पुन्हा कोळंबी सोडायचा धीर झाला नाही, आणि वाडीत त्यांच्याशी कोणी दोराचा विषय काढला नाही. फक्त ते रस्त्यानं जाताना कोणी ना कोणी हळूच "होय म्हाराजा" म्हणे.

मोरूच्या फोटोला आता नव्या दोराचा हार आहे. जुना तुकडा देवळात, भिकाजीच्या घंटेला बांधला आहे. अंबाडी दर वर्षी पेरली जाते, कापली जाते, आडवी होते. गाऱ्हाणं तेवढं अजून उभं आहे.